हात न लावलेला तुकडा

“म्हणजे जंगल वाचवण्यासाठी तुम्ही जंगल जाळणार, असं आम्ही समजायचं का?”

हा प्रश्न मी उभा राहून विचारला. माइक हातात घेऊन, आवाजात लागेल तेवढा कंप आणून. हॉलमध्ये दीडशे माणसं होती. अशा टाळ्या पडल्या, की कराडला कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस घेतानाही तशा पडल्या नव्हत्या. समोर पडद्यापाशी काठी घेऊन उभा असलेला शास्त्रज्ञ माझा सख्खा मेव्हणा होता. हे हॉलमधल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी उभा राहिलो होतो.

शहाजी माने, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहुरीला कृषीची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत आला, तेव्हा आठ महिने आमच्या घरी राहिला. माझा जुना कोट घालून विद्यापीठात जायचा. गाडी चालवायला मी शिकवलं, बर्फात घसरून पडू नये म्हणून कसं चालायचं तेही मीच शिकवलं. आणि आता हा माणूस, दीडशे लोकांसमोर, मला झाडं म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

मी त्या वेळी त्रेपन्न वर्षांचा होतो. पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, पाइन आणि फरच्या जंगलाला खेटून आमची एक्केचाळीस घरांची वसाहत होती. झाडांविषयीचं माझं ज्ञान एवढंच, की ती हिरवी असतात आणि खिडकीतून छान दिसतात. तेवढ्या भांडवलावर आठवड्याभरात वसाहतीने मला समितीचा अध्यक्ष केलं.

शहाजीचं म्हणणं साधं होतं. शंभर वर्षांपूर्वी इथे एकरात साठ-सत्तर झाडं होती, दांडगी आणि अंतर राखून उभी असलेली. दर दहा-बारा वर्षांनी वणवा यायचा, जमिनीवरच्या वाळल्या सुया, म्हणजे पाइनची पानं, खात सरपटत जायचा, मोठ्या झाडांच्या जाड सालीला त्याचं काही होत नसे. मग सरकारने प्रत्येक आग विझवायला सुरुवात केली. आता एकरात चारशे झाडं झाली. मधली बारीक झाडं म्हणजे आगीसाठी शिडीच, जमिनीवरची आग तिच्यावरून थेट शेंड्याला पोचते. म्हणून आधी विरळणी करायची, म्हणजे बारीक झाडं काढून टाकायची, आणि मग दर आठ-दहा वर्षांनी, गार ओलसर दिवस बघून, मुद्दाम हलका जाळ लावायचा.

“याचा खरा परिणाम कळायला वीस वर्षं लागतील,” तो म्हणाला.

“वा!” मी म्हणालो. “म्हणजे तुमचं चुकलं, हे समजायला आम्ही वीस वर्षं थांबायचं!”

पुन्हा टाळ्या. शहाजी हसला. त्याचा तो समजूतदार हसरा चेहरा मला लहानपणापासून, म्हणजे त्याच्या लहानपणापासून, सहन होत नसे.

घरी येताना गाडीत उज्ज्वला म्हणाली, “तुम्हाला खरंच झाडांचं वाईट वाटतंय का हो?”

“मग काय नाटक करतोय?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. आजवरच्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेली उत्तरं बहुतेक अशीच आहेत.

विरोधाचा अर्ज मी स्वतः लिहिला. त्यात ‘पुढच्या पिढ्या’ हा शब्द चार वेळा आणि ‘आपला वारसा’ तीन वेळा होता. एक्केचाळीस घरांपैकी चाळीस घरांच्या सह्या एका शनिवार-रविवारात मिळाल्या. उरला फक्त वॉल्टर प्रिचर्ड.

वॉल्टर आमच्या खालच्या वळणावर एकटा राहायचा. रेल्वेत मेकॅनिक होता; सह्यांच्या वेळीच त्याची साठी उलटलेली, बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी लांब, पूर्व किनाऱ्यावर. त्याच्याकडे जाणारं-येणारं माणूस म्हणजे मी आणि उज्ज्वला.

“माझा बाप दर शरदात आमच्या मागचं रान जाळायचा,” वॉल्टर म्हणाला. “आम्ही पोरं पोती ओली करून कडेने उभी राहायचो. कधी काही झालं नाही. तुझा तो मेव्हणा बरोबर बोलतोय, जय.”

मी त्याला समजावलं. तुझ्या बापाच्या वेळी इथे घरं नव्हती म्हणालो. दुसऱ्या खेपेला धुराने दमा होतो याची कात्रणं नेली. तिसऱ्या खेपेला बेसनाचे लाडू नेले. लाडवाचा डबा टेबलावर ठेवून मी म्हणालो, “चाळीस घरं एका बाजूला आणि तू एकटा दुसऱ्या बाजूला, बरं दिसत नाही रे.”

त्याने डबा आपल्याकडे ओढला. मग त्याने खिशातून पेन काढलं. “तुला एवढं महत्त्वाचं वाटतंय तर देतो सही,” म्हणाला. मी विजयी होऊन घरी आलो. माझं म्हणणं त्याला पटलेलं नव्हतं. त्याला फक्त आमचं येणं-जाणं तुटायला नको होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल.

अर्जाचा परिणाम झाला. जंगलाच्या मधोमध, डोंगराच्या माथ्यावरून एक खडीचा रस्ता जात होता. त्याच्या पलीकडे विरळणी आणि जाळ करायचं ठरलं. अलीकडे, म्हणजे आमच्या वसाहतीच्या बाजूला, हात लावायचा नाही.

शहाजी चहाला आला. मी मोठ्या मनाने त्याला खुर्ची दिली.

“वाईट वाटून घेऊ नकोस. लोकशाही आहे.”

“छे, वाईट कशाला? चालेल, दाजी. मला एक हात न लावलेला तुकडा हवाच होता.”

“कशाला?”

“ताडून बघायला. इकडे काही करायचं नाही, तिकडे करायचं, आणि मग दर पाच वर्षांनी दोन्हीकडची झाडं मोजायची. त्याशिवाय फरक कसा कळणार?”

हरलेला माणूस असंच काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. चहात साखर मी स्वतः घालून दिली.

पहिली दोन वर्षं मला स्वर्गसुख होतं. पलीकडचा भाग अगदी भकास झाला होता. बुंधे छातीपर्यंत काळे, जमीन काळी, सगळीकडे कापलेल्या खोडांचे थोटे. दोन दिवस धूर राहिला, त्यावर मी सात पत्रं लिहिली. काळ्या बुंध्यांचे फोटो काढून साऱ्या वसाहतीला पाठवले. एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला, खाली लिहिलं, ‘विज्ञान’.

तिसऱ्या वर्षी तिकडे गवत आलं आणि जांभळी फुलं. चौथ्या वर्षी उज्ज्वला सकाळी फिरायला रस्ता ओलांडून जायला लागली.

“आपल्या बाजूला काय वाईट आहे?” मी विचारलं.

“तिकडे ऊन येतं,” ती म्हणाली.

शहाजी दर पाच वर्षांनी टेप आणि वही घेऊन यायचा. दोन्हीकडच्या निवडक झाडांना त्याने नंबर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या ठोकल्या होत्या. बुंध्याचा घेर मोजायचा, सुयांच्या थरात पट्टी खुपसायचा. पलीकडे थर बोटभर. आमच्याकडे पट्टी कोपरापर्यंत आत जायची. “गादी आहे गादी,” मी म्हणायचो, “तुझ्यासारखं सतरंजीवर झोपत नाही आम्ही.” तो हसायचा आणि आकडा लिहायचा. राहिलेल्या झाडांना ऊन-पाणी जास्त मिळतं म्हणून पलीकडची झाडं भराभर जाड होताहेत, असं म्हणायचा. मी म्हणायचो, अमेरिकेत सगळेच जाड होतात.

मग चार वर्षं पाऊस झालाच नाही. बर्फही नावापुरतं. सालीखाली भुंगे शिरले आणि आमच्या बाजूचं दर तिसरं झाड तांबडं पडलं. पलीकडे एखाददुसरं. सभेत कुणीतरी विचारलं, हे काय होतंय? अध्यक्ष म्हणून मी सांगितलं की हा निसर्गाचा क्रम आहे, आणि संध्याकाळच्या उन्हात हा तांबडा रंग फार शोभून दिसतो. हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं आहे. त्याच आठवड्यात शहाजीने फोन केला.

“दाजी, आता तरी मेलेली आणि बारीक झाडं काढू द्या. निदान घरांमागची पट्टी. मी वर बोलतो.”

“आणि तुझ्या तुलनेचं काय होईल?”

“तुलना गेली खड्ड्यात. अक्का राहते तिथे.”

“लोकांना पटणार नाही,” मी म्हणालो. लोकांना विचारायच्या फंदात मी पडलो नाही. बारा वर्षं एक गोष्ट ठासून सांगितल्यावर तेराव्या वर्षी माणसाने काय तोंड घेऊन उलटं बोलायचं?

पलीकडे दुसरा जाळ झाला होता, पुढे तिसराही झाला. आमच्या बाजूला मी होतो.

सभेला अठरा वर्षं झाली त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. दक्षिणेकडे धुराचा खांब उभा राहिला होता. मी अंगणात पाइप घेऊन छपरावर पाणी मारत होतो. पंपांचा इंजिनिअर, तेव्हा दाब चांगला होता. पाऊण तासात सूर्य लाल झाला आणि पानाएवढ्या राखेच्या कपच्या पडायला लागल्या. मग तोही दाब गेला. वीज गेली होती.

फोन वाजला. शहाजी दोनशे मैलांवर होता, पण त्याच्यासमोर नकाशा होता.

“दाजी, निघा. खाली जाऊ नका, खालचा रस्ता आगीने बंद केलाय. वर या. माथ्यावरचा रस्ता ओलांडून माझ्या तुकड्यात शिरा.”

“जंगलात? आग लागलीय आणि जंगलात शिरू?”

“मागच्या ऑक्टोबरात जाळलाय तो. तिथे जळायला फारसं काही उरलेलं नाही. आग तिथे खाली बसेल. बंबवालेही तिथेच जमताहेत.”

“आणि नाही बसली तर?”

“दाजी!” आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. “भांडू आपण. उद्या भांडू. अक्काला घेऊन निघा!”

मी तरीही एक वाक्य बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण शब्द ‘सिद्ध’ होता. उज्ज्वलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला, गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “बसा.”

वसाहतीतल्या गाड्या वळून वरच्या दिशेला निघाल्या होत्या. आमच्या फाटकाबाहेर पडलं की खालचं वळण दिसतं. वॉल्टरच्या दारात त्याची जुनी निळी पिकअप नव्हती.

“वॉल्टर?” उज्ज्वला म्हणाली.

“गाडी नाही. गेला असेल कधीच.”

“खाली जाऊन बघून येऊ या का? दोन मिनिटं.”

“अगं, गाडी नाही म्हणजे माणूस नाही.”

मी वर वळवली.

पलीकडच्या तुकड्यात दोन बंब आणि चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. एका पोरसवदा बंबवालीने आम्हाला गाडीतच बसायला सांगितलं, काचा वर करून. आमच्या बाजूची आग दिसण्याआधी ऐकू आली. आगगाडी बोगद्यातून यावी तसा आवाज. मग झाडांच्या शेंड्यांवरून ती आली. दीडशे फूट उंच झाडं, त्यांच्यावर तेवढीच उंच ज्वाळा. माझा एक्केचाळीस सह्यांचा वारसा. एकेक झाड काडी ओढल्यासारखं पेटत होतं. उज्ज्वलाने माझा हात धरला नव्हता; दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून ती समोर बघत होती.

आग रस्त्यापाशी आली, रस्ता ओलांडला, आणि खाली पडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. वर चढायला शिडी नव्हती. गुडघ्याएवढ्या ज्वाळा सुयांच्या पातळ थरावरून इकडे-तिकडे हुंगत फिरल्या. बंबवाल्यांनी फावड्यांनी माती लोटून कडा बांधल्या, ज्वाळा त्यांच्याशी दोन-तीन तास रेंगाळल्या आणि विझत गेल्या. मोठ्या पाइनचे बुंधे थोडे आणखी काळे झाले, एवढंच.

कुणीतरी गाड्यांजवळून नावं मोजत गेलं. एक्केचाळीसपैकी चाळीस घरांची माणसं होती.

वॉल्टरची पिकअप दुरुस्तीला होती. तीन दिवसांपासून. हे गॅरेजवाल्याने सांगितलं. त्याच्या घराच्या जागी दगडी धुराडं तेवढं उभं होतं. तो मागच्या दाराशी सापडला. पायांत बूट होते आणि हातात अर्धवट जळालेलं पोतं होतं, असं शेरीफच्या माणसाने मला सांगितलं. सांगताना त्याला पोत्याचं काय ते कळत नव्हतं. मला कळलं.

त्याच्या मुलीला फोन मीच केला. ती म्हणाली, “बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे. शेजारी चांगला आहे, म्हणून मी निर्धास्त असायचे.”

आमचं घरही गेलं, ते सांगायचं राहिलंच. एक्केचाळीस घरांतली नऊ वाचली. त्यांत अध्यक्षांचं नव्हतं. आम्ही खालच्या गावात दोन खोल्या घेतल्या. लोक मला दोष देतील म्हणून मी तयारी करून ठेवली होती, मनात दोन-तीन भाषणंही बांधली होती. कुणी काही म्हटलं नाही. सही तर सगळ्यांनीच केली होती ना. सगळे दुर्दैव म्हणत होते, हवामान म्हणत होते. कुणीतरी तर मला अध्यक्ष म्हणून पुन्हा उभं राहण्याबद्दल विचारलं.

पुढच्या मे महिन्यात शहाजी मोजणीला आला. त्याची मदतनीस आजारी होती.

“मी येतो,” मी म्हणालो.

“दाजी, चढ आहे. तुमचं वय…”

“येतो म्हटलं ना.”

पलीकडचा भाग सकाळीच झाला. शंभरात ब्याण्णव झाडं जिवंत. आठ मेली त्यातली तीन आधीच वाळलेली होती. त्याने मला कुठलाही आकडा मोठ्याने वाचून दाखवला नाही. वही मीच मागून बघितली. मग आम्ही खडीचा रस्ता ओलांडला.

आमच्या बाजूला सावली उरली नव्हती. काळे खांब आणि राखाडी जमीन. पावसाने चरे पाडले होते, पायाखाली माती भुसभुशीत. मी चकती पुसून नंबर वाचायचा आणि झाडाची अवस्था सांगायची, शहाजीने लिहायचं, असं ठरलं.

“दोनशे एक.”

“अवस्था?”

“मेलं.”

“दोनशे दोन.”

“अवस्था?”

“मेलं.”

असं तासभर आम्ही मोजत राहिलो. काही चकत्या वितळून थेंबासारख्या झाल्या होत्या. त्या झाडांची जागा शहाजी होकायंत्रावरून ठरवत होता. मी वाट बघत होतो. अठरा वर्षं साठवलेलं एखादं वाक्य त्याच्याकडे असणारच. त्याने ते बोलावं, मग मी चिडावं, मग रीतसर भांडण व्हावं, असं मला फार वाटत होतं. उद्या भांडू, म्हणाला होता. तो फक्त “अवस्था?” विचारत होता.

शेवटी मीच म्हणालो, “तुझ्या कामाला उपयोग झाला असेल. एवढा फरक दाखवणारा तुकडा दुसरीकडे कुठे मिळाला असता?”

त्याने पेन थांबवलं. “हो, झाला,” म्हणाला. “जगभर वाचतील लोक. मला नको होता असा.”

“पण मी दिला.”

“दाजी, पाणी प्या थोडं.”

मी प्यालो. आम्ही उतारावरून खाली आलो. शेवटची दहा झाडं वॉल्टरच्या कुंपणाला लागून होती. धुराडं अजून उभंच होतं. त्याच्या मुलीने मागच्या दाराच्या जागी एक सपाट दगड बसवून घेतला होता, नाव नसलेला.

“इथे वॉल्टर होता,” मी म्हणालो.

“माहितीय.”

“त्याला सही करायची नव्हती. तीनदा गेलो होतो मी त्याच्याकडे. आणि त्या दिवशी उज्ज्वला म्हणत होती, जाऊन बघू या. दोन मिनिटं लागली असती.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उज्ज्वलाला सांगायची गरज नव्हती, आणि तिने कधी काढलंही नाही.

“तुझ्या तक्त्यात त्याला कुठे लिहिणार?” मी विचारलं.

“तक्ता झाडांचा आहे, दाजी.”

“म्हणजे कुठेच नाही.”

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस माझा जुना कोट घालून विद्यापीठात जायचा, तेव्हा तो कोट त्याला खांद्यांत फार मोठा व्हायचा. मग त्याने हात काढला, वहीचं पान उलटलं आणि पेन धरलं.

मी कुंपणाजवळच्या पहिल्या झाडाची चकती बाहीने पुसली.

“तीनशे एक्याण्णव,” मी वाचलं. त्याने विचारायची वाट पाहिली नाही. “मेलं.”